हाताचा फरक

"तुझे वडील जास्त दाखवतात," साहेब जिन्यात म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. मी चहाचा कप धरून तिथेच उभा. आधी मला हसूच आलं, खरं सांगतो. माझे वडील, आणि जास्त दाखवणार? घरात हा माणूस ताप आला तरी दाखवत नाही. आई म्हणते, ह्यांच्या तोंडावरून काय कळायचं असेल तर आज दाढी केली की नाही एवढंच कळतं. मग चहा निवला आणि त्याबरोबर हसूही निवलं. साहेब तोंडाबद्दल बोलत नव्हते, आकड्याबद्दल बोलत होते. आणि तो आकडा मीच त्यांच्या टेबलावर ठेवलेला होता. वर वळणावरून त्यांचा आवाज आला, पाचपर्यंत लिहून दे, पट्ट्यात घोळ आहे की हातात, एकदाचं काय ते.

आम्ही पट्टे बनवतो. उंचावर काम करणारी माणसं कमरेला लावतात ते. एक टोक माणसाला, एक टोक खांबाला. पट्ट्याची दोन्ही टोकं दुमडून शिवलेली असतात. तपासायचं म्हणजे त्या दुमडींत लोखंडी खुंट्या घालायच्या, जाळी बंद करायची आणि मशीनने तो पट्टा तुटेपर्यंत ओढायचा. तुटताना जो आकडा येतो तो लिहायचा. अठराच्या वर आला तर माल जातो, खाली आला तर अख्खा रोल बाजूला. तुटलेला पट्टा ड्रममध्ये. म्हणजे जो तपासला तो कुणाच्या कमरेला जात नाही, आणि जो कमरेला जातो तो कधीच तपासलेला नसतो. मी पॅकिंगला असताना पहिल्यांदा हे डोक्यात आलं आणि दोन दिवस मला नीट झोप नव्हती. बाकीच्यांना काही वाटत नव्हतं. माझे वडील त्या मशीनवर बावीस वर्षं आहेत. सगळा कारखाना त्यांना तोडकर म्हणतो. आमचं आडनाव ते नाही, पण चहावाल्याच्या पाटीवरसुद्धा तोडकर असंच लिहिलेलं आहे. मला आकड्या म्हणतात, कारण मी पॅकिंगच्या खोक्यांवर बसून मोबाइलवर सरासरी आणि फरक वगैरे शिकलो, आवाज बारीक करून, सहा महिने, आणि मग साहेबांनी मला टेबल दिलं. तोडकरांचा आकड्या. कारखान्यात मी त्यांना बाबा म्हणत नाही, तोडकर तर म्हणवतच नाही. जवळ जाऊन उभा राहतो आणि घसा खाकरतो. दोन वर्षं असंच चाललंय.

तर भानगड अशी झाली की ज्यांना आम्ही माल देतो त्यांनी त्यांच्याकडे आमचे पट्टे तोडले, आणि त्यांना आमच्यापेक्षा बरेच कमी आकडे आले. अठरा पूर्णांक तीन. आमच्या वहीत, वडिलांच्या अक्षरात, एकोणीसच्या पुढे. साहेबांनी मला म्हटलं, आपल्या तिघांची परीक्षा घे. आमच्याकडे तोडणारे तीन. माझे वडील, एक ताई, आणि एक जाड्या. साध्या मापात हे फार सोपं असतं. एकच खिळा तिघांना द्या, तिघांनी मोजावा, आकडे वेगळे आले तर घोळ हातात. पण पट्टा एकदा तुटला की तुटला. दुसऱ्याला काय देणार, चिंध्या? म्हणून मग असं करतात की एकाच रोलमधून, एकामागोमाग कापून शिवलेले तीन पट्टे घ्यायचे आणि ते एकच आहेत असं धरायचं. एकच आहेत असं *धरायचं*. सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा. आमच्याकडे अशा तिघांना भावंडं म्हणतात. ह्याची भावंडं कुठायत, असं ताई ट्रेमध्ये शोधत विचारते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. मलाही कालपर्यंत वाटत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी दहा भावंडांचे संच घेतले, तीस पट्टे, एकेक तिघांना दिला. ताई आणि जाड्या साडेअठरावर. बाबा एकोणीस पूर्णांक चार. दहाच्या दहा वेळा बाबा वर. कागदावर खाली दोन चौकटी आहेत, पट्ट्याचा फरक आणि हाताचा फरक, आणि आकडे घातले की कोण दोषी ते आपोआप खाली उतरतं. सरळ उतरत होतं. नऊ दशांश, हाताचा फरक, तोडकर. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. बावीस वर्षं त्या वहीत एकाच अक्षरात आकडे आहेत, आणि शेवटच्या पानावर मी लिहायचं की हा हात चुकीचा होता.

टेबलाशी बसलो पण पाय थांबेनात. भावंडं. माझा एक मोठा भाऊ आहे, दादा. आहे असंच म्हणायचं, सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला आणि दुसऱ्या शहरात छापखान्यात आहे. आईला फोन करतो, मला करतो, बाबांना नाही. बाबाही विचारत नाहीत. फोन वाजला आणि दादाचा आहे असं कळलं की ते उठून बाहेर जातात, काहीतरी आणायचं राहिलंय अशा थाटात, आणि रिकाम्या हाताने परत येतात. मी लहान होतो तेव्हा दादाला ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणितं घालायचे. मनगटावरचं घड्याळ काढून मध्ये ठेवायचे, काटे दादाच्या बाजूला. एक चुकलं की पहिल्यापासून. वीस गणितांतलं एकोणिसावं चुकलं तरी पहिल्यापासून. मारायचे नाहीत, आवाजही चढवायचे नाहीत, नुसतं बोट पहिल्या गणितावर ठेवायचे. मला अजून ते बोट दिसतं. दादाची पेन्सिल कागदातून आरपार जायची. बारावीला दादा तीन तास परीक्षेच्या खोलीत बसला आणि कोरा कागद देऊन घरी आला. सांगताना हसत होता. ते हसू मला आवडलं नव्हतं. आणि मी? मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. दादा गेल्यानंतरची गोष्ट. सांगायला आठवडाभर धीर गोळा केला आणि एका दुपारी एकदाचं सांगून टाकलं. बाबांनी पाठीवरून एकदा हात फिरवला, वरून खाली, आणि म्हणाले, जेव. बस. तेव्हा मला वाटलं की मी दादापेक्षा खमका. अजूनही सगळे तसंच म्हणतात, धाकटा टिकला. पण एका रोलमधले दोन पट्टे, एक तुटला, एक टिकला, म्हणजे दुसरा मजबूत हे कुणी सांगितलं? ओढणाराच बदलला असेल तर? आणि आता पुन्हा मोजायला दादा सोळाचा कुठून आणू.

हे असं डोक्यात घोंघावायला लागलं की मी जिथे काम नाही तिथे जाऊन उभा राहतो. खाली शिवणाच्या खोलीत गेलो. तिथे मावशी आहेत, कुणाच्या मावशी माहीत नाही, सगळ्यांच्याच. मशीन जुनं आहे, पायाने वेग द्यायचा आणि पट्टा हाताने धरायचा. त्यांनी मला पाहिलं आणि पाय न थांबवता विचारलं की आकड्या, आज तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं. मी म्हटलं काही नाही. मग उगाच विचारायचं म्हणून विचारलं, तीनच का शिवता एका वेळी, चार का नाही. त्या म्हणाल्या, तीन झाले की मानेत कळ येते, मग दोरा तोडते, मान मोडते, परत बसते. आणि मग, मी काही विचारलं नसताना, म्हणाल्या, "पहिला बघ कसा देखणा येतो. पहिल्याला माझं सगळं लक्ष असतं. दुसऱ्याला हात आपला आपण चालतो. तिसऱ्याला चहा आठवतो. पोरांचंही तसंच असतंय रे."

त्या हसल्या. मी हसलो नाही. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं झालं. कारण पट्टे मीच वाटले होते. मावशींच्या ट्रेमधून उचलताना मीच त्यांच्यावर एक, दोन, तीन घातले होते, ज्या क्रमाने शिवले त्या क्रमाने, नीटनेटका म्हणून. आणि एक नंबरचा दर वेळी बाबांना दिला होता. दर वेळी. दहाच्या दहा वेळा. का दिला ते मला तिथेच, त्या मशीनच्या खडखडाटात कळलं. वडील आहेत म्हणून. आधी मोठ्यांना. पाण्याचा तांब्या आणला तरी आधी त्यांच्यापुढे धरायचा, पेपर आला तरी आधी त्यांनी, तसाच पट्टाही आधी त्यांना. मी विचार केलाच नव्हता. हातच तसा गेला. मोबाइलवर शिकवणाऱ्या त्या माणसाने चाळीस वेळा सांगितलं होतं, चिठ्ठ्या टाका, कुणाला कुठला तुकडा जाईल ते चिठ्ठ्यांवर सोडा, आणि मी मान हलवली होती, कळलं कळलं. आता बाबांचे नऊ दशांश मावशींच्या पहिल्या टाक्यांचे की बाबांच्या हाताचे, हे देवालाही सांगता येणार नव्हतं. तीसही पट्टे ड्रममध्ये होते.

वर येईपर्यंत साडेअकरा झाले. आता सांगतो ते मला सांगायला लाज वाटते. पहिला विचार आला तो चूक कबूल करण्याचा नव्हता. पहिला विचार आला, सुटलो. पट्ट्याचा फरक असं लिहून टाकायचं. पहिला पट्टा मजबूत असतो, मावशींनी सांगितलं, संपलं. बाबा वाचले, मी वाचलो, साहेब मावशींना एक नवीन खुर्ची देतील. मी चौकटीत तसं लिहिलंसुद्धा. मग खोडलं. मग परत लिहिलं. कारण मला ते माहीत नव्हतं. मला फक्त ते हवं होतं. खिडकीतून खाली ट्रक भरताना दिसत होता, आमचेच पट्टे, खोक्यांत गुंडाळी करून. ते कुणीतरी लावणार, आणि त्या कुणाचीतरी टाच एखाद दिवशी घसरणार. अठरा पूर्णांक तीन आणि अठराची रेघ यांच्यामध्ये तीन दशांश आहेत. नखाएवढी जागा. तिथे मी माझ्या वडिलांचा मान ठेवून बसलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीत गेलो. तिथे कायम तापलेल्या दोऱ्याचा वास असतो, केस जळल्यासारखा. ताई आणि जाड्या बाहेर गेले होते. बाबा स्टुलावर, डबा मांडीवर. मी जवळ जाऊन घसा खाकरला. ते म्हणाले, बस. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, साहेब काय म्हणाले ते, चौकटीत कुणाचं नाव उतरतंय ते, मावशींचं, एक-दोन-तीनचं. पहिला तुम्हाला दिला, दर वेळी, असं म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"का?"

"असंच. तुम्ही मोठे म्हणून."

त्यांनी घास पूर्ण चावला. मग हसले की काय कोण जाणे, नाकातून श्वास सुटला एवढं खरं. "मशीनला कुठे कळतंय कोण मोठा," ते म्हणाले. "परत तोड."

मी म्हटलं की परत तोडले आणि तरीही तुमचेच जास्त आले तर नाव येईल कागदावर. ते डबा बंद करत होते. झाकण बसेना, त्यांनी तळव्याने दाबलं. "आलं तर आलं. तू परत तोड."

साहेबांना सांगणं सोपं गेलं म्हणायचं. ते ओरडले नाहीत, त्याहून वाईट, थंड झाले. म्हणाले, मोबाइलवर पोहायला शिकल्यावर असंच होतं, पाणी लागलं की कळतं. मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. म्हणाले पाच म्हणजे पाच, आणि ह्या वेळी तिघांपैकी कुणाला काय देतोस ते मला कळू देऊ नकोस, स्वतःलाही कळू देऊ नकोस. मी मावशींकडून नवे दहा संच आणले आणि चिठ्ठ्या केल्या. जाड्याच्या टोपीत टाकल्या. जाड्याला फार मजा वाटली, म्हणाला लग्न ठरवल्यासारखं वाटतंय, कुणाच्या पदरात कोण पडतंय बघू. पट्ट्यांवरचे नंबर मी पाठीमागे घातले, तोडणाऱ्याला दिसणार नाहीत असे. नंतर नंबर उलटून पाहिले तर पहिल्याच संचात बाबांच्या वाट्याला तिसरा आला होता, चहा आठवताना शिवलेला.

दुपारभर मी जाळीबाहेर उभा राहून पाहत होतो. दोन वर्षं मी त्यांचे आकडे पाहत आलो, हात कधी पाहिले नव्हते. ताई पट्टा खुंट्यांत घालते, एकदा झटका देते, जाळी बंद. जाड्या तर झटकाही देत नाही. बाबा वेगळेच. ते दुमड दोन्ही तळव्यांत धरून चोळतात, थंडीत हात चोळावेत तशी. मग खुंटीवर घालतात, वाकतात, खालून पाहतात की दुमड खुंटीच्या बरोबर मध्ये आहे ना, कुठे पीळ नाही ना, एकाच काठावर ओढ येणार नाही ना. असेल तर बोटाने केसभर सरकवतात. आणि जाळी लावायच्या आधी पट्ट्यावरून एकदा हात फिरवतात. वरून खाली. ज्याला आता तोडायचंय त्याच्यावर.

मला तो हात माझ्या पाठीवर जाणवला. अगदी तिथे, खांद्यांच्या मध्ये. मशीन ओढायला लागलं, पट्टा ताणून तारेसारखा गुणगुणायला लागला, आणि फाडकन आवाज झाला. ताई इतक्या वर्षांनीही दचकते. बाबांनी डोळे मिटले होते. आवाजाच्या आधीच.

पावणेपाचला शेवटचा तुटला. ताई आणि जाड्या अठरा पूर्णांक सहा. बाबा एकोणीस. मी तीन वेळा बेरीज केली. नऊ दशांशातले पाच माझ्या मानपानाचे निघाले. चार उरले. ते मात्र त्यांचेच, कितीही चिठ्ठ्या टाकल्या तरी त्यांचेच. ताई आणि जाड्या हात धुवायला गेले. मी कागद घेऊन मशीनपाशी आलो आणि घसा खाकरायच्या ऐवजी तोंडातून बाबाच निघालं. ते खुंटी फडक्याने पुसत होते.

"बाबा, चार उरतायत."

"उरणारच." त्यांनी फडक्याची घडी केली. "मी मदत करतो रे त्याला."

"कुणाला?"

"पट्ट्याला. नीट लावून देतो, सगळीकडून सारखी ओढ येईल असा. त्याचं चांगलं यावं म्हणून." मग म्हणाले, "चुकीचंच आहे ते. वरून पडणारा काही सरळ पडत नाही. त्या पोरीचे, ताईचे, आकडे खरे धर."

मी विचारलं, पहिल्यापासून असंच लावता का. मला खरंच माहीत नव्हतं, मी कामासाठी विचारलं होतं, जुन्या वह्या किती मागे जाऊन तपासाव्या लागतील ते कळावं म्हणून.

"नाही. आधी लावायचा, ओढायचा, लिहायचा. तुटला तर त्याच्यात दम नव्हता असं म्हणायचं." ते खुंटीकडे पाहत होते. "पाच-सहा वर्षं झाली असतील."

मी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्यावर ‘कारण’ अशीही एक चौकट आहे, दोन ओळींची. तिथे काय लिहू विचारलं तर म्हणाले, आत्ता सांगितलं तेच. मी लिहिलं, मोजणारा पट्ट्याला मदत करतो. वाचून दाखवलं. त्यांनी पेन मागितलं आणि खाली सही केली. तोडकर नाही. आमचं खरं आडनाव. मलाच ते क्षणभर अनोळखी वाटलं, माझ्याच नावापुढे रोज असून.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. सहा वर्षांच्या वह्या काढायला सांगितल्या, रेघेजवळचा जो जो माल होता तो परत तपासायचा, बाहेर गेलेला परत मागवायचा. मग म्हणाले की तोडकरांना उद्यापासून मशीनवर ठेवता येणार नाही, तुला समजतंय ना. मी म्हटलं समजतंय. पॅकिंगला जागा आहे, ते म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, मी सांगू की तू सांगतोस. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे.

खाली आलो तेव्हा खोलीत ते एकटेच होते. मशीन बंद होतं. त्यांनी खुंट्या तेल लावून ठेवल्या होत्या, स्टूल भिंतीला सरकवलं होतं, डब्याची पिशवी मनगटात अडकवली होती. पॅकिंग, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तुझी ती खोक्यांवरची बसायची जागा आहे का अजून, असं विचारलं. मी म्हटलं आहे. बरं म्हणाले. मग दाराकडे निघाले, अर्ध्यात थांबले, ड्रममधून लोंबणारा एक तुटका पट्टा आत सारला, आणि पाठमोरेच विचारलं,

"तुझा दादा कामावरून किती वाजता सुटतो रे?"

"साडेपाचला."

भिंतीवर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"म्हणजे वीस मिनिटं आहेत," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.